मंजुळाबाई एकटी जाते

अमडापुरात कुणाला परगावी जायचं असलं, की तो आधी मोटरीची वेळ विचारत नसे. मंजुळाबाई मोकळी आहे का, ते विचारी.

कारण त्या गावात एकट्यानं कुठं जायची रीतच नव्हती. दवाखान्यात जायचं तर सोबत, कोर्टात जायचं तर सोबत, मुलगी पाहायला जायचं तर दोन सोबती, एक होकार द्यायला आणि एक पुढं मोडलंच तर दोष घ्यायला. सोबत मिळाली नाही तर माणसं दुखणंसुद्धा पुढच्या आठवड्यावर ढकलत. आणि सोबत म्हटलं की मंजुळाबाई. तिला मोटर लागत नसे. ती स्वतःची भाकर स्वतः बांधून नेई. कुठल्या दवाखान्यात कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, हे तिला ठाऊक होतं. आणि रडायचा प्रसंग आला तर घरचे रडून दमेपर्यंत ती थांबे, मग रडे.

अशी ती अर्धं वऱ्हाड फिरली होती. अकोल्याला कुणाच्या मूतखड्याबरोबर, बुलढाण्याला कुणाच्या बांधाच्या भांडणाबरोबर, मेहकरला कुणाच्या रुसलेल्या सुनेबरोबर. पण मंजुळाबाई स्वतः म्हणून अजून कुठंच गेली नव्हती.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. मंजुळाबाईच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं. नवरा हिंमतराव वांगी, मिरच्या, मेथी पिकवी आणि टोपल्या घेऊन खामगावच्या बाजाराला जाई. परत आला की ओसरीवर बसून तो बाजार सांगे, आणि सगळं घर ऐके. मंजुळाबाईलाही सांगण्यासारखं पुष्कळ होतं. अडचण अशी, की तिच्या प्रत्येक गोष्टीला साक्षीदार होते.

एकदा चिखलीच्या बाजारात उंटानं एका माणसाची टोपी खाल्ली. मंजुळाबाईनं हे डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन तिनं सुरुवात केली, "अव माय, चिखलीत काय झालं, एक उंट..."

"टोपी नव्हती, फेटा होता," तिची थोरली जाऊ कौशल्याबाई म्हणाली. ती सोबत होती. "अन खाल्ला नाई, नुसता चघळला. मंग त्या मानसानं वढला."

"मंग उंटानं त्याले लाथ मारली असन," धाकटा दीर भाऊराव म्हणाला. तो चिखलीला गेलासुद्धा नव्हता.

"मारली ना!" कौशल्याबाई म्हणाली. "मी सांगून राह्यली ना!"

दिवस मावळेपर्यंत ती गोष्ट कौशल्याबाईची झाली. आठवड्यानं भाऊरावाची झाली. मंजुळाबाई चुलीपुढं बसून आपल्याच उंटाची हकीकत दिराच्या तोंडून ऐकत होती. भाकर तव्यावर टाकता टाकता तिनं नवऱ्याला विचारलं, "तुमचा बाजार बराबर हाये की नाई, हे कोनी सांगत नाई तुमाले?"

हिंमतराव हसला. "कोन सांगन? मी एकलाच असतो ना तठी."

भाकर करपली. मंजुळाबाई तिच्याकडं बघत बसली होती. उलटायचं तिला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, "मी नांदुऱ्याले जाऊन येते."

हिंमतरावानं हातातला विळा खाली ठेवला. "कोन मेलं?"

"कोनी नाई."

"मंग कोनाले पोट्टं झालं?"

"नाई."

"तुले दुखते का कुठी?"

"काई दुखत नाई."

"मंग काऊन जाऊन राह्यली?"

"पाहाले."

"काय पाहाले?"

"ते गेल्यावर समजन."

आतून सासूबाईंचा, सरस्वतीबाईंचा आवाज आला, "हिंमत, सुनेले पाटावर बसव अन तोंडावर पानी मार!"

"अवं, पन नांदुऱ्यात आपलं हाये कोन?" हिंमतराव म्हणाला.

"कोनीच नाई. म्हनूनच तं नांदुरा. बाकी गावात सगळे वळखीचे हायेत."

"बरं. सोबतीले कोन?"

"कोनी नाई. मी एकली."

हिंमतराव विळा उचलून मळ्यात गेला आणि न पिकलेली वांगी तोडून आला.

तो नाही म्हणाला. सासूबाई नाही म्हणाल्या. भाऊरावानं कुणी विचारलं नव्हतं तरी नाही म्हटलं. तेव्हा मंजुळाबाई दारात उभी राहिली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जवर मी एकली जाऊन येत नाई, तवर मी कोनाचीच सोबत करनार नाई!"

पहिले काही दिवस गावानं हे हसण्यावारी नेलं. मग बनाबाईची सून माहेरी अडकली, कारण तिला आणायला जायचं कसं? दोन ठिकाणची सोयरीक लोंबकळली. बांधाच्या खटल्यातला एक पक्ष तारखेला गेलाच नाही, आणि दुसऱ्या पक्षालाही सोबत नव्हती म्हणून तोही गेला नाही. शेवटी पुंजाजी हातात काठी घेऊन हिंमतरावाच्या ओसरीशी आला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"हिंमतराव," तो खांबाकडं तोंड करून म्हणाला, "तुमच्या घरातल्या भांडनापायी माहा मोतीबिंदू पिकून राह्यला."

"मी अठी हावो, पुंजाजी. तो खांब हाये."

"पाहा! खांब अन तुमी एकच दिसता मले. जाऊ द्या ना बाईले! चांगल्या मानसाले अडवून काऊन ठेवता?"

हिंमतराव वरमला. आत जाऊन म्हणाला, "जा. एकली जा. कोनी येनार नाई तुह्या मांगं. गळ्याची आन."

ती आन त्यानं मनापासून घेतली होती. तरी त्यानं भाऊरावाला विहिरीमागं बोलावलं. "तू जाय. वैनीले दिसाचं नाई. नुसतं मांगं राह्याचं."

भाऊराव निघून गेल्यावर त्याला आठवलं, की भाऊराव मोटरीत बसला की झोपतो. म्हणून त्यानं शेजारच्या कडूबाला गाठलं. "कडूबा, भाऊराववर नजर ठेवजो. पन त्याले समजू देऊ नको."

इकडं सरस्वतीबाईंनी कौशल्याबाईच्या कानात सांगितलं, "पोरी, तू जाय तिच्या मांगं. हिंमतले सांगू नको, त्यानं आन घेतली हाये."

तर अशी मंजुळाबाई एकटी निघाली.

ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत भाकर, ठेचा आणि पितळी गडवा. हिंमतराव फाट्यापर्यंत आला. चिखलीहून खामगावला जाणारी मोटर आली, ती चढली, आणि खिडकीपाशी बसली. आजवर खिडकी नेहमी आजाऱ्याला द्यावी लागे. तिनं गजावर हात ठेवला.

पुढच्या थांब्यावर तिघं चढले. पहिल्यानं डोक्याला उपरणं असं गुंडाळलं होतं, की नुसत्या मिशा बाहेर होत्या. दुसरी बाई होती, तिचा पदर हनुवटीपर्यंत आला होता आणि ती सीटचे दांडे चाचपत चालत होती. तिसऱ्यानं काळा चष्मा घातला होता, आणि तो पदरवाल्या बाईला धडकला.

"दिसत नाई का?" पदरातून आवाज आला.

"तुले दिसते का?" चष्मा म्हणाला. मग दोघंही एकदम गप्प झाली, कारण दोघांनीही आवाज ओळखला होता.

मंजुळाबाईनंही ओळखला होता. आवाजाची गरजच नव्हती. भाऊरावाच्या मिशा तिनं लग्नात आल्यापासून पाहिल्या होत्या. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

कंडक्टर तिकिटाची पेटी टकटक वाजवत उपरण्यापाशी आला. "कुठं?"

भाऊराव अगदी हळू बोलला, "ते समोरच्या बाई जिथी जाईन तिथी."

"काय?"

"हिरव्या लुगड्यावाल्या."

कंडक्टरनं मंजुळाबाईकडं बघितलं. मग पदराकडं वळला. "तुम्ही कुठं?"

"त्याच," पदर म्हणाला, आणि हिरव्या लुगड्याकडं बोट केलं.

काळ्या चष्म्यानं न विचारताच सांगितलं, "मले ते उपरनंवाले जाईन तिथी."

कंडक्टरनं पेटी बगलेत मारली आणि मंजुळाबाईपाशी येऊन खाली वाकला. "बाई, हे तीन माणसं तुमच्या मागं लागले हायेत. एक बाई बी हाये. टोळी दिसते. खामगावात पोलिसात द्यायची का?"

मंजुळाबाईनं मागं वळून तिघांकडं नीट पाहिलं. उपरणं खाली गेलं. पदर आणखी खाली आला. चष्मा छताकडं बघायला लागला.

"मी नाई वळखत याईले," ती मोठ्यानं म्हणाली. "पन गरीब दिसतात. राहू द्या."

"पाहा बरं!" कंडक्टरनं तिघांना दम दिला. "खामगावपर्यंत मान वर करायची नाही! बाईंकडं पाह्यलं तर उतरवून देईन!"

तिघांनी खामगावपर्यंत मान वर केली नाही. भाऊराव तर त्या अवस्थेतच झोपला.

खामगावच्या स्टँडवर नांदुऱ्याची मोटर उभी होती. मंजुळाबाई तिच्यात चढली. तिघं मागोमाग चढले. कंडक्टरनं दम दिल्यापासून त्यांच्या माना जमिनीला खिळल्या होत्या, त्यांना नुसता लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता. मंजुळाबाई बसली. तिच्या पुढच्या बाकावर एक लठ्ठशी बाई होती. तिचंही लुगडं हिरवं होतं.

मंजुळाबाईनं त्या लुगड्याकडं पाहिलं. मग मागं पाहिलं. तीन माना, तीन टाळू.

ती उठली. "गडव्यात पानी घेऊन येते," असं कंडक्टरला सांगून खाली उतरली, आणि नळाच्या भिंतीआड उभी राहिली. दोरी ओढली गेली, घंटी वाजली, मोटर निघाली. नांदुऱ्याला निघालेल्या मंजुळाबाईची सोबत मंजुळाबाईला खामगावात ठेवून नांदुऱ्याला गेली.

तिला आधी हसू आलं. मग भीती वाटली. स्टँडवर एवढी माणसं, आणि त्यांतल्या एकालाही ती कोण हे ठाऊक नाही. कुणाला लघवीला न्यायचं नव्हतं, कुणाची गाठोडी सांभाळायची नव्हती. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पुन्हा पहिल्या हातात घेतली. हातांना कामच नव्हतं.

समोरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. त्यांच्या मागं मागं ती चालत राहिली, आणि गाड्या जिथं थांबल्या तिथं रेल्वेचं स्टेशन होतं. एक छोटीशी गाडी उभी होती.

"हे गाडी कुठी जाते?" तिनं तिकिटाच्या खिडकीत विचारलं.

"जलंबला."

"अन तठून?"

"तिथून परत येते. मोठ्या गाडीला माणसं देते आणि घेऊन येते. तुम्हाला कुठं जायचंय?"

मंजुळाबाईनं विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न कुणीतरी तिला विचारत होतं, आणि उत्तर दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. "मोठ्या गाडीनं नांदुरा," ती म्हणाली.

जलंबच्या फलाटावर ती उतरली, तर समोर राजवाडा पडला होता. खरंच. गुंडाळलेल्या पडद्यावर खांब आणि मोर, बाजूला लाकडी घोड्याचं नुसतंच मुंडकं, तलवारींची मोळी, आणि मधोमध सोनेरी रंगाचं सिंहासन. हातांच्या जागी सिंह, सिंहांच्या लाल जिभा बाहेर. एका नाटक कंपनीचं सामान नांदुऱ्याला चाललं होतं.

ती जमिनीवर बसायला लागली, तोच एक दांडगा माणूस बिडी विझवत म्हणाला, "खाली नका बसू बाई, मुंगळे हायेत. या, अठी बसा." त्यानं सिंहासनावरची धूळ खांद्यावरच्या रुमालानं झटकली.

"हे तं राजाचं दिसते."

"माहंच हाये. मी उकंडराव. रोज रात्री बसतो. दिवसा रिकामंच असते."

"मोडन का?"

"डाव्या अंगाले जोर नका देऊ. बाकी राज्य मजबूत हाये."

मंजुळाबाई बसली. आधी टोकावर. मग जरा मागं. मग तिची पाठ मागच्या मखमलीला टेकली. मखमल जुनी होती आणि तिला कापराचा वास होता.

"तुमी सोबतीशिवाय?" उकंडरावानं विचारलं.

"हो."

"कोन मेलं?"

"कोनी नाई," मंजुळाबाई म्हणाली. या वेळी हे सांगताना तिला फार बरं वाटलं.

पॅसेंजर आली. जलंबला ती जेमतेम थांबते. कंपनीची माणसं धावली. "घोडा उचला! पडदा! सिंहासन!"

"थांबा, मी उतरते."

"उतरू नका!" उकंडराव ओरडला. "मांगचा डावा पाय निखळला हाये, तुमच्या वजनानं आत बसला. उतरल्या की बाहेर येते! उचला बे, बाईसकट उचला!"

चार जणांनी सिंहासन उचललं. हमाल बाजूला झाले. पानवाल्यानं टपरीतून डोकं बाहेर काढलं. मंजुळाबाई पिशवी मांडीवर धरून, सगळ्या फलाटाच्या डोक्यावरून, गार्डाच्या डब्याकडं निघाली.

गार्ड हिरवा बावटा काखेत धरून उभा होता. "हे काय?"

"सामान," उकंडराव म्हणाला.

"ह्या बाई?"

"माह्यापाशी तिकीट हाये!" मंजुळाबाईनं वरूनच तिकीट दाखवलं.

गार्डानं कपाळाला हात लावला. "तिकिटाचं माणूस डब्यात बसतं. सामान इथं चढतं. ह्यांना मी कशात धरू?"

"साहेब," उकंडराव धापा टाकत म्हणाला, "त्या बसल्या हायेत तवर हे सिंहासन हाये. उतरल्या की नुसते लाकडं. लाकडं न्यायाची का सिंहासन न्यायाचं, ते तुमी ठरवा."

गार्डानं इंजिनाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, सिंहाच्या जिभेकडं पाहिलं आणि बावटा बाहेर काढला. "चढवा! पण नांदुऱ्यापर्यंत हलायचं नाही!"

डब्याचं मोठं दार उघडंच राहिलं. गाडी निघाली. उकंडराव राजवाड्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला. मंजुळाबाईनं दोन्ही हात सिंहांच्या डोक्यांवर ठेवले. सिंहांना रंग चांगला बसला होता, गार लागत होता. बाहेर पांढरं वावर मागं पळत होतं. कापूस वेचणाऱ्या बायांतली एक सरळ झाली, तिनं कपाळावर आडवा हात धरला आणि डोळे बारीक करून गाडीकडं पाहिलं. उघड्या दारात सोन्याच्या सिंहासनावर हिरव्या लुगड्याची बाई. वेचणाऱ्या बाईनं ओटीतला कापूस खाली टाकला आणि हात जोडले.

मंजुळाबाईनं हात वर केला.

आणि सवयीनं ती बाजूला वळली, "पाह्यलं का वं?" म्हणायला. बाजूला कुणी नव्हतं. पडदा होता, मोर होते, राजा झोपला होता. गार्ड मागच्या खिडकीतून बाहेर बघत होता. पाहिलं होतं ते तिनं एकटीनं. तिला इतकं हसू आलं, की तोंडात पदर कोंबावा लागला. सिंहासन डावीकडं कलायला लागलं, तेव्हा कुठं तिनं स्वतःला आवरलं.

नांदुऱ्याला चार जणांनी तिला उतरवलं. उकंडराव म्हणाला, "बाई, रात्री खेळाले थांबा." ती नको म्हणाली. मग स्टेशनबाहेर चिंचेखाली बसून तिनं भाकर खाल्ली आणि परतीच्या मोटरीची चौकशी केली.

तिचे सोबती तेव्हा कुठं होते, ते तिला पुढं पुष्कळ दिवसांनी कौशल्याबाईनं विहिरीवर सांगितलं. ते माना खाली घालून त्या लठ्ठ बाईच्या लुगड्यामागं नांदुऱ्यात उतरले, तिच्यामागं बाजारातून गेले, तिच्यामागं गल्लीत शिरले आणि तिच्यामागं तिच्या घरात शिरले. त्या घरी मुलगी पाहायला पाहुणे येणार होते. तिघांना पाट मिळाले, पोहे मिळाले, मुलगी समोर आली. आपण चुकीच्या घरात आहोत हे कळलं तेव्हा पोहे अर्धे झाले होते. भाऊरावाला काही सुचेना, म्हणून तो म्हणाला, "पोरगी पसंत हाये." घरात आनंदीआनंद झाला. साखर वाटायला घेतली, तोच खरे पाहुणे दारात आले. कडूबा पळाला तो चष्मा तिथंच टाकून.

सांजेच्या मोटरीनं मंजुळाबाई अमडापूरला आली. घरासमोर माणसं जमली होती, म्हणून ती त्यांच्या मागं उभी राहिली. ओसरीवर तिघं बसले होते, आणि मंजुळाबाईचा प्रवास सांगत होते.

"तं वैनी बसल्या मोटरीत," भाऊराव सांगत होता. "एका झपक्यात चेहरा पांढरा पडला. चक्कर."

"मी कांदा फोडून हुंगाले देल्ला," कौशल्याबाई म्हणाली. "म्हने, अव बाई, तू होती म्हनून. नाई तं मी कुठी पडली असती!"

"नांदुऱ्यात रस्ता चुकल्या," कडूबा म्हणाला. "मी हात धरून पार करून देल्ल्या."

"अन काय पाह्यलं तिनं?" गर्दीतून कुणी विचारलं.

"काय पाहाचं! घाबरून डोळे मिटूनच होत्या."

मंजुळाबाई ऐकत होती. सकाळपासून ती जे मिळवून आली होती, ते इथं आधीच वाटून झालं होतं, आणि तिच्या वाट्याला कांदा आला होता.

"पन आता ते कुठी हाये?" हिंमतरावानं मधेच विचारलं. "तुमी आले, ते कुठी हाये?"

तिघं एकमेकांकडं बघायला लागले. भाऊरावाच्या मिशीला घाम आला होता. त्यांनी तिला हरवलं होतं, आणि मघापासून हे तिघं हरवलेल्या बाईला कांदा हुंगवत बसले होते.

"अठीच हाये मी," मंजुळाबाई म्हणाली.

गर्दी दुभंगली. सरस्वतीबाईंनी पदरानं डोळे पुसले. हिंमतराव उठून उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. भाऊराव, कौशल्याबाई आणि कडूबा तिच्याकडं असे बघत होते, जसं पुंजाजी खांबाकडं बघायचा.

"हे म्हनतात ते खरं हाये का वं?" हिंमतरावानं विचारलं. "चक्कर आल्ती?"

सगळं गाव ऐकत होतं. तिच्या तोंडात वाक्य तयार होतं: मी सिंहासनावर बसून आली. नुसतं सोडायचं होतं. तिला लोकांचे चेहरे दिसले. पुढं वाकलेले, कान टवकारलेले. उंटाच्या वेळी असेच होते. तिला दिसलं, की आज हे सांगितलं तर उद्या कौशल्याबाई म्हणेल, सिंहासन नव्हतं, खुर्ची होती, एक पाय मीच धरला होता. परवा भाऊराव राजा होईल. भावाभावांत मळ्याचं तसंच झालं होतं. वाटणी झाली आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला बांधच जास्त आले. हे वावर तिला अख्खं ठेवायचं होतं.

"हो," ती म्हणाली. "चक्कर आल्ती. कांदा लय तिखट होता."

कौशल्याबाईनं इतका मोठा श्वास सोडला, की ओसरीवरच्या चिमणीची ज्योत फडफडली.

"पाह्यलं!" हिंमतराव गावाकडं वळला. "सोबत होती म्हनून वाचली! मी पहिलेच सांगत होतो. आता पुन्हा एकलीचं नाव काढजो नको."

"नाई काढत," मंजुळाबाई म्हणाली. "आता मी सोबतीशिवाय पाऊल टाकनार नाई. पन सोबत हेच तिघं पाह्यजेत. दुसऱ्याचा मले भरोसा नाई."

हिंमतरावाला तिघांचा एवढा अभिमान वाटला, की त्यानं भाऊरावाच्या पाठीवर थाप मारली. भाऊराव कसंनुसं हसला.

पुंजाजीला मंजुळाबाईनं पुढच्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं. बनाबाईची सून आणली. मग एक दिवस म्हणाली, "मले अकोल्याले जाचं हाये." कुणी मेलं का म्हणून कुणीच विचारलं नाही. तीन सोबती होते, काळजीच नव्हती.

अकोल्याच्या मोटरीसाठी खामगावच्या स्टँडवर चौघं उतरले. तिघं खालमानेनं उभे राहिले.

"वैनी," भाऊराव म्हणाला, "त्या दिवशीचं... तुमी काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगाचं होतं? मी तं डोळे मिटून होती ना?" तिनं पिशवी खांद्याला लावली. "सांजेच्या मोटरीले भेटजा. तवर ज्याचा तो."

"मंजुळाबाई," कडूबा घाबरून म्हणाला, "मी कुठी जाऊ?"

"मले काऊन विचारता?"

कडूबा खरंच बराच वेळ तिथंच उभा होता. मग त्यानं एक पाऊल नळाकडं टाकलं, आवडलं नाही म्हणून मागं घेतलं, आणि कापसाच्या गाड्यांच्या दिशेनं चालायला लागला. कौशल्याबाई पदर सावरत सराफ्याकडं निघाली; निघताना तिनं दोनदा मागं वळून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं नाही. भाऊराव कुठं गेला ते कुणालाच दिसलं नाही.

सांजेला चौघं चार दिशांनी स्टँडवर आले. कडूबाच्या पायात नवी चप्पल होती आणि भाऊरावाच्या उपरण्याला कसलातरी गुलाल लागला होता. कौशल्याबाईचे डोळे चकाकत होते. तिचं तोंड उघडलं.

"काय झालं?" मंजुळाबाईनं विचारलं.

कौशल्याबाईनं तिच्याकडं पाहिलं, भाऊरावाकडं पाहिलं, आणि तोंड मिटलं. "काई नाई," ती म्हणाली. "तुले काय झालं?"

"काई नाई."

मोटर आली. अर्धी रिकामी होती. चौघं चार वेगवेगळ्या खिडक्यांशी बसले.

"एकत्र हायेत का तुम्ही?" कंडक्टरनं विचारलं.

"हो," चौघं म्हणाले, आणि बाहेर बघायला लागले.